झिऱ्यावर राहिलेला हंडा

त्या सकाळी मी देवीकडे जे मागितलं होतं, ते वाचून तुम्ही मला नावं ठेवाल. ठेवा. मी स्वतःही पुष्कळ ठेवली आहेत. पण ते मागणं गाळून हा अनुभव सांगितला तर तो अर्धाच राहील, आणि चारचौघांत आपण फार भाविक आहोत असं दाखवत फिरण्याचा मला आता कंटाळा आला आहे. म्हणून आधीच सांगून टाकते. माझ्या सासूबाईंना, ज्यांना मी लग्न झाल्या दिवसापासून आई म्हणते, देवाने आता घेऊन जावं अशी प्रार्थना मी हात जोडून, शुद्धीवर असताना केली होती.

आमचं घर नाशिकला, द्वारका चौकाच्या गर्दीपासून जरा आत, तिसऱ्या मजल्यावर. माझे यजमान विंचूरला कंपनीत जातात, त्यामुळे दिवसभर घरात आई आणि मी, आणि माझं शिलाईचं मशीन. ते मशीन मला आईंनीच हट्ट करून घ्यायला लावलं होतं. लग्न झालं तेव्हा मला धड काजंही करता येत नव्हती. आई म्हणाल्या होत्या, बाईच्या हाताला स्वतःचं काम असलं म्हणजे तिचा आवाज आपोआप नीट निघतो. त्या स्वतः पेठच्या पुढे डोंगरात जन्मलेल्या. सासरे प्राथमिक शिक्षक होते, त्यांच्या बदल्यांबरोबर गावं फिरत फिरत त्या शहरात आल्या. चौथीपर्यंत शिकलेली ही बाई बँकेचा फॉर्म माझ्याआधी भरून मोकळी व्हायची. अशा माणसाचं विसरणं बघणं फार जड जातं. आधी मीठ दोनदा पडायला लागलं, मग जिने चुकायला लागले, मग एके दिवशी त्यांनी मलाच विचारलं, तू कुणाची ग?

डॉक्टरांनी सांगितलं, वयाचा आजार आहे, सांभाळून घ्या. सांभाळून घ्या म्हणणं सोपं असतं. आईंच्या डोक्यात एकच गोष्ट घट्ट बसली होती, ती म्हणजे पाण्याची रांग. पहाट झाली की त्या स्वयंपाकघरातली भांडी उचलायच्या आणि आमच्या दारापासून लिफ्टपर्यंत एकामागे एक मांडून ठेवायच्या. हंडा, कळशी, कुकर, इडलीपात्र, हाताला लागेल ते. एकदा शेजारच्यांची दुधाची बरणीही त्यांनी रांगेत लावली, पण आपल्या भांड्यांच्या मागे, कारण शेजारी उशिरा उठतात. मग पाय दुमडून तिथेच बसायच्या. उठवायला गेलं की एकच वाक्य, "माझा नंबर जाईल." सुरुवातीला मजल्यावरच्या सगळ्यांना गंमत वाटली, मलाही वाटली. पण ऐन लग्नसराईत ब्लाऊजचा ढीग पडलेला असताना दिवसातून दहा वेळा भांडी आत आणायची म्हणजे गंमत फार दिवस टिकत नाही. मी ओरडायला लागले. बाजारात जाताना बाहेरून कडी लावायला लागले. आत दार वाजत असायचं आणि मी जिना उतरत असायचे.

भक्तीचं म्हणाल, तर माझे मंगळवार कधी चुकले नाहीत. चैत्रात गडावर जाऊन देवीची ओटी भरायची, तीही चुकली नाही. पण त्या दोन वर्षांत दिवा लावताना मनात काहीच उमटत नसे. हात काम करत, तोंड पुटपुटे, आणि डोक्यात मात्र हिशोब चाललेला असे की हे अजून किती दिवस. देवी ऐकते का, हा प्रश्न मी विचारलासुद्धा नाही. मला वाटायला लागलं होतं की ऐकत असती तर एवढ्यात काहीतरी झालं असतं.

वैशाखात आईंच्या भावाचा मुलगा, काशीनाथ भाऊजी, पिशवीभर करवंदं आणि पाडाचे आंबे घेऊन आले. आईंनी त्यांना ओळखलं नाही, पण करवंदं ओळखली. ओंजळीत घेऊन हुंगली आणि हसल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसल्या. भाऊजी म्हणाले, आत्याला उन्हाळाभर आमच्याकडे राहू द्या. यजमानांना रजा नव्हती. मग मीच मशीनवर चादर टाकली आणि आईंना घेऊन त्यांच्या माहेरच्या पाड्यावर गेले. खरं सांगते, आईंच्या हवापालटापेक्षा मला स्वतःला चार दिवस दुसऱ्या कुणाच्या तरी भरवशावर पडायचं होतं.

पाडा म्हणजे डोंगराच्या कुशीत पंचवीसेक घरं. उन्हाळ्यात तिथे झाडं निम्मी उघडी, वावरं पालापाचोळ्याचा राब भाजून काळी केलेली, आणि तरीही माणसांना क्षणाची उसंत नाही. करवंदं, कैऱ्या, मोहाची फळं गोळा करायची, लाकूडफाटा भरायचा, लग्नं उरकायची, आणि पावसाच्या आत प्रत्येक घराची कौलं उतरवून, फुटकी काढून, पुन्हा नीट बसवायची. हे कौलांचं काम कुणी एकट्याने करत नाही. एक दिवस एक घर. प्रत्येक घरातून एक तरी माणूस येतो, आणि ज्याचं घर तो सगळ्यांना जेवू घालतो. आम्ही पोहोचलो त्या संध्याकाळी सगळा पाडा आईंना बघायला आला. कुणी ताक आणलं, कुणी अंडी, एका म्हातारीने नुसताच हात धरून ठेवला. आईंनी तिला सहा वेळा विचारलं, तुझं लगीन झालं का? तिने सहाही वेळा उत्तर दिलं, आणि प्रत्येक वेळी नवऱ्याच्या नावासकट लाजून. मी बाजूला बसून विचार करत होते, माझं उत्तर तिसऱ्या वेळेलाच का संपतं?

पाण्याचे मात्र हाल होते. नळाच्या तोट्या घरोघर आल्या होत्या, पण चैत्र सरला की विहिरीचाच तळ दिसतो, मग तोटीतून काय येणार? टँकर आला तर आला. बाकी सगळी भिस्त खालच्या ओहोळातल्या झिऱ्यावर. कोरड्या ओहोळाच्या वाळूत गुडघाभर खोल खड्डा, त्यात पाणी हळूहळू पाझरून येतं. चार-पाच करवंट्या भरून घेतल्या की थांबायचं, पुन्हा साचू द्यायचं. एक हंडा भरायला अर्धा तास सहज लागतो. काठावर उंबराच्या मुळाशी शेंदूर लावलेले सात दगड आहेत, त्या आसरा, म्हणजे पाण्याच्या देवी. चैत्रात त्यांच्यापुढे नारळ फोडतात आणि त्याच्याच अर्ध्या करवंटीने पाऊस पडेपर्यंत झिऱ्याचं पाणी उपसतात. एवढं मला भाऊजींच्या बायकोने, चंद्राने, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बाकीचं सांगायची तिला गरज वाटली नसावी. तिच्या लेखी ते सगळ्या जगाला ठाऊक होतं.

पाचव्या दिवशी सकाळी चंद्रा झिऱ्यावरून भरलेला हंडा घेऊन आली आणि तो ओट्यावर ठेवून गोठ्याकडे वळली. आईंनी तो उचलला, अंगणात नेला आणि विसळल्यासारखा करून सगळा ओतून दिला. रांग आणि चढ धरून दीड तासाचं पाणी होतं ते. मी धावले तेव्हा तुळशीभोवतीची माती फक्त ओली दिसत होती. चंद्रा परत आली, तिने बघितलं, आणि म्हणाली, असू द्या ताई, तुळस तरी पोटभर प्याली. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिच्या त्या समजूतदारपणाने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी आईंच्या हातातून रिकामा हंडा हिसकावून घेतला, त्यांच्याकडे न बघता, आणि पाणी मीच आणते म्हणून तडक उतार उतरायला लागले.

झिऱ्यावर तीन-चार हंडे रांगेत उभे होते. बायका वरच्या अंगाला सावलीत बसून बोलत होत्या. मी रांगेच्या शेवटी हंडा ठेवला. मग आसरांच्या दगडांपुढे उभी राहिले आणि डोळे भरून आले. रागाने आले, भक्तीने नाही. हात जोडले आणि मनातल्या मनात म्हणाले, "बायांनो, मला यातून सोडवा. त्यांनाही सोडवा." दुसऱ्या वाक्यात मला काय म्हणायचं होतं ते मला पक्कं माहीत होतं, आणि त्या सातजणींनाही माहीत असणार. मागे वळले, रांगेकडे बघितलं. आमच्या कॉलनीत टँकर येतो तेव्हा बादली रांगेत ठेवून माणसं घरी चहा प्यायला जातात, बादलीच नंबर धरते. इथेही तसंच असणार असं समजून मी सरळ निघून आले.

घरी आले तर चंद्रा निघायच्या तयारीत. वरच्या आळीतल्या एका घराची कौलं त्या दिवशी काढायची होती आणि पन्नास माणसांच्या भाकरी व्हायच्या होत्या. भाऊजी पहाटेच गेले होते. मी आईंना नागलीची, म्हणजे नाचणीची, पेज पाजली, त्या अंथरुणावर कलंडल्या, डोळे मिटले. चंद्रा पुढे झाली. आणि मी, सवयीने, दार ओढून बाहेरून कडी लावली. त्या पाड्यावर माणूस घरात असताना बाहेरून कडी लावल्याचं त्याआधी कुणी पाहिलं नसेल.

कौलांच्या घरी नुसती जत्रा होती. गडी छपरावर चढलेले, खाली हातोहात कौलं उतरत होती, धूळ उडत होती, आणि चुलीपाशी आम्ही बायका. नागलीची भाकरी थापणं हे माझ्या बापजन्मी झालं नव्हतं. माझ्या भाकरीला कडेने अशा चिरा पडायच्या की एका आजीने विचारलं, ही भाकर हाय का नकाशा? सगळ्या हसल्या, मीही हसले. किती दिवसांनी बायकांत बसून हसले होते. गंमत म्हणजे ज्या बाईचं घर, तीच घरात नव्हती. हिराबाई तिचं नाव. सकाळी पाण्याला म्हणून गेली ती आलीच नव्हती. तिची सासू म्हणाली, झिरा हळू हाय, येईल. पण भाकरींचा ढीग वाढला, आमटी उकळली, छपराची एक उतरती बाजू पुरी झाली, तरी हिराबाईचा पत्ता नाही. मग तिच्यावर थट्टा सुरू झाली, आणि त्या थट्टेत मीही पीठभरल्या हाताने भर घातली. म्हटलं, घरात कार्य काढून घरधनीण बरी पाण्याला जाऊन बसली. माझ्या हंड्याची आठवण मला त्या वेळी एकदा झाली होती. पण नंबर तर लावलेला आहे, असं म्हणून मी पुढची भाकरी घेतली.

ऊन डोक्यावर आलं, गडी जेवायला उतरले. मी आईंचं ताट झाकून घेतलं आणि घरी आले. कडी जशीच्या तशी होती. ती काढून आत गेले तर अंथरूण रिकामं. डोंगरातल्या घरांना परसात उघडणारं मागचं दार असतं आणि त्याला आतूनही कडी नसते, हे पाच दिवस तिथे राहून मी पाहिलंच नव्हतं. दार सताड उघडं होतं. उंबऱ्याशी आईंच्या चपला होत्या. बाहेर वैशाखाचं ऊन असं पडलं होतं की अंगणातली कोंबडीसुद्धा दिसत नव्हती.

माझ्या हातातलं ताट कधी पडलं मला आठवत नाही. ओरडत मी वरच्या आळीत गेले. पुढचं काही सांगावं लागलं नाही. घास हातात धरलेली माणसं उठली. कुणी एस. टी.च्या फाट्याकडे धावले, म्हातारी माणसं घरी जायला निघतात म्हणून. कुणी भाजलेल्या वावरांत शिरले, कुणी करवंदीच्या जाळ्या धुंडाळल्या. नाव घेऊन मारलेल्या हाका डोंगरावर आदळून परत येत होत्या. भाऊजींनी मला एवढंच विचारलं की आत्या किती वेळची गेली असेल. दार बंद करून गेलेल्या बाईला आतलं माणूस कधी गेलं ते कसं कळणार? अनवाणी, ऐंशीच्या घरातली, पोटात वाटीभर पेज. त्या उन्हात तासाभरात माणूस लाकडासारखं वाळतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि मला माझं सकाळचं मागणं आठवलं. तोवर मी भाऊजींच्या अंगणात परत आले होते. देवी ऐकत नाही अशी माझी दोन वर्षं तक्रार होती, आणि आता ती ऐकते आहे असं दिसत होतं. मी जन्मात एवढी भ्याले नाही. नको म्हणावं, परत घे म्हणावं, तर कोणत्या तोंडाने? सकाळी ज्या तोंडाने एक मागितलं त्याच तोंडाने दुपारी उलटं कसं मागायचं? त्या घटकेला मला आईंचं मीठ दोनदा घालणं हवं होतं, लिफ्टपुढची इडलीपात्रं हवी होती, तू कुणाची ग हा प्रश्न रोज शंभर वेळा हवा होता. पण मागायची हिंमत झाली नाही. म्हणून मी काहीच मागितलं नाही. एवढंच म्हणाले की आता तुम्हाला काय करायचं ते करा, माझं काही म्हणणं नाही. ते शरण जाणं वगैरे नव्हतं. माझ्याजवळचं सगळं संपलं होतं, इतकंच.

तेवढ्यात चंद्रा घरातून बाहेर आली. तिने आत एक चक्कर मारली होती आणि सरावाने भांड्यांकडे नजर टाकली होती. म्हणाली, ताई, लहान कळशी नाय दिसत. माझ्या डोक्यात लख्ख झालं. भांडं घेऊन आई एकाच ठिकाणी जाणार. मी उतारावरून पळत सुटले, चंद्रा मागे. वाटेत तापलेल्या कातळावर एका ठिकाणी रक्ताचे दोन ठिपके वाळलेले दिसले.

उंबराखाली, आसरांच्या दगडांना टेकून, एक तिशीतली बाई बसली होती. तिच्या मांडीवर आईंचं डोकं होतं. आईंच्या पायांना ओलं फडकं गुंडाळलेलं, कपाळावर ओला पदर. ती करवंटीने थेंब थेंब पाणी त्यांच्या ओठांवर सोडत होती आणि आई ते चाटत होत्या. त्यांचे डोळे उघडे होते. मी त्यांच्या पायांवर कोसळले आणि मोठ्याने रडले. लहानपणी माझी स्वतःची आई वारली तेव्हाही मी अशी रडले नव्हते.

चंद्रा म्हणाली, अग हिरे, तू इथं? तुझ्या घरावर कौलं चढली, जेवणं व्हायला आली. तेव्हा मला कळलं की जिच्या चुलीपाशी बसून मी जिची थट्टा केली, ती ही. हिराबाईने माझ्याकडे पाहिलं, मग ओहोळात एकट्या उभ्या असलेल्या हंड्याकडे.

"हा हंडा तुमचा?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

"सकाळधरून तुमचीच वाट बघतेय. मनात लय शिव्या दिल्या तुम्हाला."

मग चंद्राने आणि हिराबाईने मला जे सांगितलं ते असं. त्या झिऱ्यावर भांडं एकटं नंबर धरत नाही. भांड्याजवळ माणूस बसायला हवं. ही करवंटी देवीच्या नारळाची, ती खाली ठेवत नाहीत, एकीने दुसरीच्या हातात द्यायची. आणि शेवटचा हंडा ज्या बाईचा, तिने झिरा काट्यांनी झाकून मग उठायचं. नाहीतर दुपारी जनावरं पाण्यावर येतात, कडा ढासळवतात आणि संध्याकाळी अख्ख्या पाड्याला थेंब मिळत नाही. रांगेत हिराबाई माझ्या पुढे होती. तिचा हंडा भरला तेव्हा तिच्या मागे फक्त माझा उरला होता. परक्याच्या हंड्याला न सांगता हात लावायचा नाही, हंडा उभा असताना झिरा झाकायचा नाही, आणि करवंटी द्यायला तर समोर कुणी नाही. तिने वर हाका मारल्या, पण सगळा पाडा तिच्याच छपरावर होता. स्वतःच्या घरचं कार्य सोडून ती बाई हातात करवंटी धरून बसून राहिली, कारण एका शहाण्या शहरवालीने हंडा लावला होता आणि ती चहा प्यायच्या हिशोबाने निघून गेली होती.

शरमेने मी आईंच्या पायांवरचं फडकं उगाच नीट करत राहिले. हिराबाई मात्र आता रागावलेली नव्हती. आईंच्या केसांवरून हात फिरवत ती म्हणाली की म्हातारी दिसली तेव्हा वरच्या वळणावर झोकांड्या खात होती, हातात कळशी, आणि इथे येऊन पोहोचली ती वाळूतच पडली. तोंड पार कोरडं पडलं होतं. तिला एकटीला टाकून सांगायला तरी कसं जाणार?

मग ती म्हणाली, "तुम्ही वक्ताला आल्या असत्या, तर मी कवाच घरी गेले असते. ही इथं एकटीच पडली असती."

ती सहज बोलली. तिला त्यात विशेष काही वाटलं असेल असं मला वाटत नाही. मी मात्र त्या सात दगडांकडे बघत राहिले. सकाळी मी रागाच्या भरात इथे उभी राहून आईंचं मरण मागितलं होतं, आणि त्याच रागाच्या भरात हंडा तसाच सोडून गेले होते. मागणं आणि हंडा, दोन्ही मी एकाच जागी ठेवून गेले होते. त्यातलं काय घ्यायचं आणि काय नाही ते तिथे कुणीतरी निवडलं. योगायोग म्हणा, मी वाद घालणार नाही. मला ते तेव्हा जसं दिसलं तसं लिहिते आहे.

आईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही, सांगता येत नाही. पुटपुटल्या, "माझा नंबर आला?"

हिराबाईने करवंटी माझ्या हातात दिली. तिचे हात पाण्याने थंडगार होते. मी वाळूत गुडघे टेकून झिऱ्यात वाकले. आत एवढंसं आकाश दिसत होतं. करवंटी बुडवली, भरली आणि आईंच्या तोंडाशी नेली. आईंनी दोन्ही हातांनी ती धरली आणि उलट माझ्याच तोंडाकडे ढकलली. "आधी तू पी," म्हणाल्या, "केव्हाची उभी हायस." मी प्याले. त्या पाण्याला उंबराचा आणि मातीचा वास होता. त्यानंतर कितीतरी पाणी प्याले असेन, पण तहान भागली म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

चंद्राने वर जाऊन निरोप दिला. चार गडी बांबूला घोंगडी बांधून झोळी घेऊन आले आणि आईंना अलगद वर नेलं. तोवर मी माझा हंडा भरला, अर्धा तास, थांबत थांबत, साचू देत. मग करवंदीच्या काट्या ओढून झिरा झाकला, वर दगड ठेवला. शेवटचा हंडा माझा होता. हिराबाई माझ्यासाठी थांबली होती. चढावर तिने आपला हंडा डोक्यावर, माझा कमरेवर घेतला, मी नको म्हणत असताना. म्हणाली, तुम्हाला नाय जमायचं, अर्धा सांडाल, मग पुन्हा मलाच बसावं लागंल.

वर तिच्या घराचं छप्पर पुरं झालं होतं. सगळा पाडा जेवायचा थांबला होता. आईंना ओट्यावर निजवलं, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर येऊन पाय बघून गेल्या, चार दिवसांत भरतील म्हणाल्या. मग पंगत बसली आणि घरधनीण शेवटी घरी आली म्हणून हिराबाईला सगळ्यांनी इतकं छळलं की ती पदरात तोंड लपवून हसायला लागली. तिचं ताट मी वाढलं. माझ्या हातची चिरलेली भाकरी तिने मागून घेतली. ती घास घेत असताना मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की दाराला कडी मी लावली होती. सकाळच्या मागण्याबद्दल तिथे बोलायचं धैर्य झालं नाही, ते आज इथे लिहिते आहे. कडीचं ऐकल्यावर, जिने आईंचा हात धरून ठेवला होता ती म्हातारी उठली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून परत जाऊन बसली.

आम्ही पाऊस लागेपर्यंत तिथे राहिलो. रोज सकाळी आई आणि मी झिऱ्यावर जात होतो, त्यांना भाऊजी पाठीवर घेऊन उतरवत. आई कळशीजवळ बसायच्या, मी त्यांच्याजवळ. निघताना हिराबाईने ती करवंटी माझ्या पिशवीत घातली. पावसाळ्यात तिचं काम नसतं, पुढच्या चैत्रात नवी होईल.

आता ती करवंटी आमच्या देवघरात असते, आणि आईंना पाणी मी तिनेच पाजते. आईंचं विसरणं काही बरं झालं नाही. उलट वाढलं आहे. माझाही स्वभाव एका दिवसात गायीचा झाला नाही. अजून चिडते, अजून आवाज चढतो, पण बाहेरून कडी मात्र पुन्हा लावली नाही. पहाटे आई भांडी मांडतात तेव्हा मी मशीनपुढचं स्टूल उचलून बाहेर नेते आणि काजं-बटणं करत रांगेत त्यांच्या मागे बसते. शेजारच्या वहिनी आता आपली दुधाची बरणी स्वतःच आणून ठेवतात. आणि देवीपुढे दिवा लावते तेव्हा मी हल्ली काही मागत नाही. केव्हा काय द्यायचं ते तिला माझ्यापेक्षा बरं कळतं, हे मी एकदा पाहिलं आहे.

आजही सकाळी आईंनी लिफ्टकडे बघत विचारलं, माझा नंबर आला का?

मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "अजून नाही, आई. मी बसलेय ना तुमच्या हंड्याजवळ."